नवसाची साखळी

अन्नपूर्णाबाईंनी नवस बोलला तेव्हा देवघरात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे पुढे त्यातून त्यांना सोडवायलाही कुणी नव्हतं.

मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या एका चिंचोळ्या गल्लीत, चार बिऱ्हाडांच्या जुन्या घरात त्या तळमजल्यावर राहत. यजमान गेल्यावर लेक सौम्या आणि जावई कार्तिक त्यांच्याकडेच राहायला आले. कार्तिक श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होता. कंपनीची बस त्याला न्यायची आणि पाळी संपली की कोपऱ्यावर आणून टाकायची. खाऊन-पिऊन सुखी घर. दुःख एकच. सौम्याला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट भरत आलं आणि रिकामं झालं. दुसऱ्या खेपेला तर मुलगा होता, बोटांना नखंसुद्धा आली होती. कार्तिकनं त्याला टॉवेलात गुंडाळून नेलं आणि रिकाम्या हातांनी परत आला.

तिसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, ही आता बाळंत होईपर्यंत इथंच आडवी राहील, कुशीवर वळायचं तरी विचारून वळायचं. रुग्णालयात सोबतीला एकाच बाईला राहू देत. विळुपुरमहून सौम्याची सासू अलमेलू आली आणि खाटेशेजारी चटई टाकून बसली. अन्नपूर्णाबाई दुपारचा डबा घेऊन जायच्या आणि दिवेलागणीच्या आत परत यायच्या.

त्या पहिल्या संध्याकाळी परत आल्या आणि सरळ देवापुढे जाऊन बसल्या. घरातले देव, घरातल्या मराठीसारखेच, तंजावराहून आलेले. खंडोबाचा टाक पिढ्यान्‌पिढ्या घासून इतका गुळगुळीत झालेला की घोडा कुठला आणि देव कुठला ते आता माहीत असणाऱ्यालाच दिसावं. घोड्याच्या पायाशी कुत्रं होतं. सासूबाई त्यावर बोट ठेवून सांगायच्या, "आपल्या घरची बाई अडली की हे कुत्रं दारात राखणीला असतं गे. ज्या ज्या बाळंतपणात ते दारात राहिलं, ती ती पोरं जगली."

अन्नपूर्णाबाईंनी पदर पसरला. म्हणाल्या, "मल्हारी, सौम्याचं बाळ उंबरा ओलांडून आत येईस्तोवर तुझं कुत्रं या दारातनं हलणार नाही. मी हलू देणार नाही."

बोलून गेल्या. मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि कुत्रं शोधू लागल्या.

कुत्रं शोधायला लांब जायला नको होतं. गल्लीत करुप्पन होता. काळा, एका कानाचा शेंडा नसलेला, कुणाचाही नसलेला आणि म्हणून सगळ्यांचा. सौम्या रोज सकाळी त्याला पहिला दोसा घालायची. तो खाऊन निघायचा, मासळीबाजाराकडून फेरी मारायचा, कधी मरीनाच्या वाळूत जाऊन ओल्या पोटानं परत यायचा आणि उन्हाच्या वेळी यांच्याच तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, पसरायचा. देवाचं कुत्रं म्हणावं तर हेच. पण फिरता जीव. सांगून दारात थांबणारा थोडाच?

अन्नपूर्णाबाईंनी कोपऱ्यावरच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून साखळी आणि चामड्याचा पट्टा आणला. दारालगतच्या खिडकीच्या गजाला साखळी बांधली. दारापुढच्या बोळात इतर बिऱ्हाडांच्या स्कूटर असत, त्यात करुप्पन घुसू नये म्हणून साखळी आखूड धरावी लागली. उभा राहिला तर उभा, बसला तर बसला. वळून पाठ करायची म्हटली तर गळ्याला पीळ पडायचा. पट्टा घालताना तो मुकाट उभा राहिला, कारण हात ओळखीचा होता. त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तूपभात वाढला. दुसऱ्या दिवशी डबा देताना सौम्याला नवस सांगितला; तेव्हापासून ती रोज विचारायची, करुप्पन दारात आहे ना?

पहिले काही दिवस त्याला ते काहीतरी लाडाचं वाटलं असावं. मग त्याला कळलं.

आधी तो रडला. गल्लीतून दुसरी कुत्री निघाली की झेप घ्यायचा आणि गळ्याला हिसका बसून मागच्या पायांवर उभा राहायचा. गल्लीत त्यांना सगळे पाटी म्हणत, म्हणजे तमिळमध्ये आजी. वरच्या बिऱ्हाडातले लोक ओरडायचे, "पाटी, त्याचं तोंड बंद करा!" त्यांचे शब्द कानांवरून जाऊ देऊन अन्नपूर्णाबाई त्याच्यापाशी बसायच्या आणि पाठीवरून हात फिरवायच्या. "थोडे दिवस रे कण्णा. माझ्या सौम्यासाठी. तुला दोसा कोण घालायचं, आठव की." हागणं-मुतणं तिथंच. त्या सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतायच्या, फिनेल टाकायच्या. तरी वास राहायचाच, आणि तो त्या ओल्या फरशीवरच झोपायचा.

नंतर त्यानं रडणं सोडलं. हे जास्त वाईट होतं. तो जागच्या जागी गोल फिरू लागला. साखळीला पीळ बसत जायचा, ती आणखी आखूड व्हायची, मग त्या जाऊन उलगडायच्या. रुग्णालयातून परत येताना वळणावरूनच त्यांना साखळीचा खरखर आवाज ऐकू यायचा. त्या आवाजानं त्यांना बरं वाटायचं आणि त्याच आवाजानं घराकडे जाऊ नये असंही वाटायचं. दोन्ही एकदमच.

वरच्या मजल्यावर निधी राहायची. नाशिकची पोरगी, पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. घर बघायला आली तेव्हा अन्नपूर्णाबाईंचं बोलणं ऐकून खो खो हसली होती. "आजी, हे मराठी? मला वाटलं पोथी बोलतेय!" अन्नपूर्णाबाईंनीही सोडलं नव्हतं. "आणि तुझं? अर्धं इंग्लिश, अर्धं घाईत." तेव्हापासून दोघींचं जमलं होतं. रस्समची वाटी वर जायची, चिवड्याचा डबा खाली यायचा.

तीच निधी एका सकाळी पाठीला लॅपटॉपची पिशवी अडकवून बोळात थांबली. करुप्पनच्या मानेकडे बघत राहिली.

"आजी, याच्या गळ्याखाली जखम झालीये."

"हळद लावते की रोज."

"हळदीनं काय होणार? वर पट्टा घासतोच आहे. मी संध्याकाळी आले की फिरवून आणते याला. सकाळीही नेईन. तुम्हाला काही करायला नको."

"नको गे."

"का पण?"

अन्नपूर्णाबाईंनी तिला सगळं सांगितलं. निधीनं ऐकून घेतलं. हसली नाही, हे तिचं चांगलं. पण म्हणाली, "आजी, सौम्याताईसाठी मलाही वाईट वाटतं. पण हा गुन्हा आहे. कायदाच आहे तसा. जनावराला अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवायचं नाही. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तोही गुन्हा."

"कायद्याला लेक आहे काय?"

"कायद्याला नाही. पण यालाही तोंड नाही ना सांगायला!"

"दारातनं हलणार नाही म्हणून बोललेय मी. फिरवून आणते म्हणतीस, तेवढ्यात तिकडे काही झालं तर? मग तू येशील काय टॉवेल घेऊन?"

निधीचा चेहरा उतरला. ती गाडी गाठायला निघून गेली. त्या दिवशी रस्सम वर गेलं नाही.

अन्नपूर्णाबाई काही दगडाच्या नव्हत्या. रोज रात्री अंथरुणावर पडल्या की त्या मनाशी वाटाघाटी करायच्या. उद्या साखळी हातभर लांब करू. पण स्कूटरवाले? बरं, माजघरात घेऊ. पण मग तो दारात कसा? नवस कसा बोलला तसाच फेडायचा, त्यात काटछाट केली तर देव कशात काटछाट करील कुणी सांगावं. कुणाला विचारावं म्हटलं तर खंडोबाचा पुजारी मद्रासात कुठून आणायचा? इकडे सौम्याला सातवा संपून आठवा लागला. याआधी आठवा त्यांनी पाहिलाच नव्हता. देव ऐकत होता, मग आता हात आखडता कसा घ्यायचा?

वैशाखातलं अग्निनक्षत्र सुरू झालं. मद्रासात त्या दिवसांत दुपारी कावळासुद्धा उडत नाही. बोळावर पत्रा होता. त्याखाली भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. करुप्पननं खाणं टाकलं. पाणी ठेवलं तर नुसता त्यात जीभ बुडवून बसायचा. एकदा त्यांनी पाहिलं, तो आपलाच पुढचा पाय चावत होता, शांतपणे, हाडूक चघळावं तसा.

त्यानंतरच्या एका सकाळी कार्तिकचा रुग्णालयातून फोन आला. सौम्याचा रक्तदाब भलताच चढलाय, चेहरा सुजलाय, डॉक्टर म्हणतात आज पोट फाडून बाळ काढावं लागेल. "तुम्ही घाई करू नका, अम्मा. अजून नंबर लागायचाय. मी कळवतो."

अन्नपूर्णाबाईंनी तरी डबा भरला. दहीभात भरला, लोणचं भरलं. खाणार कोण याचा विचार केला नाही. पदर खोचून दाराशी आल्या तर समोर पोलीस उभा.

राममूर्ती नाव होतं त्याचं. पोट सुटलेला, घामेजलेला, हातात टोपी. त्याच्यामागे निधी. तिची नजर जमिनीला.

"पाटी, हे कुत्रं तुमचं?"

"देवाचं आहे."

"देवाचा पत्ता नाही माझ्याकडे. तक्रार या घराची आहे." तो वाकला, करुप्पनकडे बघितलं आणि नाकाला रुमाल लावला. "अय्यो. हे काय केलंय?"

अन्नपूर्णाबाई निधीकडे वळल्या. "तू सांगितलंस?"

"आजी, मी किती वेळा म्हटलं तुम्हाला. तो मरेल."

"आजच सांगायचं होतं? आज माझी पोर टेबलावर आहे गे!"

निधीनं तोंडावर हात ठेवला. तिला ते ठाऊक नव्हतं.

राममूर्तीनं भिंतीला पाठ टेकली. "कायदा जुना आहे, पाटी. माझ्या बापाच्या लग्नाच्या आधीचा. दंड ऐकलात तर हसाल. पण मी लिहून नेलं की कोर्ट म्हणेल कुत्रं उचला, आणि मग ते कुठल्या कोंडवाड्यात जाईल ते मलाही माहीत नाही. त्यापेक्षा आता माझ्यासमोर सोडा. मी चहा पिऊन जातो, काही घडलंच नाही."

अन्नपूर्णाबाई खाली बसल्या आणि त्यांनी त्याचे बूट धरले. डबा कलंडला.

"आजचा दिवस. फक्त आजचा दिवस राहू द्या. तिचं बाळ बाहेर येऊ द्या. मग मला आत टाका, मला बांधा याच गजाला. आज नको."

"उठा, उठा आधी. असं नका करू." राममूर्ती ओशाळला. त्यानं त्यांना खांद्याला धरून उठवलं. गल्लीतली चार तोंडं दाराशी गोळा झाली होती; त्यांना त्यानं हात हलवून पांगवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मला दोन मुली आहेत. कुलदैवताला मीही मानतो. संध्याकाळी येतो मी. तेव्हा साखळी दिसली तर लिहिणार, एवढं लक्षात ठेवा." जाता जाता वळून म्हणाला, "पण संध्याकाळपर्यंत हे टिकेल असं मला दिसत नाही, पाटी."

निधी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. कामावर गेली नाही.

अन्नपूर्णाबाईंना काय करावं सुचेना. रुग्णालयात जावं तर मागे ही पोरगी कुत्रं सोडील. न जावं तर लेक तिकडे आईविना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी फोन उचलला आणि कुंभकोणमला धाकट्या दिरांना लावला. बालाजीराव यजमानांच्या पाठचे. सासरच्या तंजावरच्या घरात जन्मलेलं हयात माणूस ते एकच.

"भावजी, बाळंतपणात कुत्रं दारात राखायची आपली चाल. ते कसं बांधायचे? साखळी केवढी असायची?"

"साखळी?" बालाजीरावांना ऐकू कमी यायचं, ते ओरडून बोलायचे. "साखळी कसली, वैनी? आपल्याकडे दोन अंगणं होती, मागे चिंचेचं बन होतं. कुत्रं मोकळंच असायचं. दिवसभर उंडारायचं आणि भाकरीच्या वेळी दारात यायचं. आई त्याला बाळंतिणीच्या ताटातला पहिला घास घालायची. म्हणून ते फिरून त्याच दारात यायचं."

"मग तो गेला कुठं तर?"

"जाऊन येणार. कुत्रंच ते. का हो? सौम्या कशी आहे?"

त्यांनी फोन ठेवला. बोळात आल्या. करुप्पन कुशीवर पडला होता, बरगड्या भात्यासारख्या चालू होत्या, डोळे अर्धे मिटलेले. माश्या बसल्या होत्या, त्या त्यानं हाकलल्या नव्हत्या.

सासूबाईंच्या घरात कुत्रं घासासाठी राहत होतं. यांच्या घरात ते गजामुळे राहिलं होतं. अन्नपूर्णाबाईंना आता ते लख्ख दिसलं, आणि दिसून उपयोग काहीच नव्हता. चाल चुकली असली तरी शब्द त्यांचे होते. हलू देणार नाही, असं त्या बोलल्या होत्या, पदर पसरून. सौम्याचा आठवा याच साखळीवर आला की साखळी असूनही आला, हे त्यांना कोण सांगणार? सोडलं आणि तिकडे बाळ गेलं, तर उरलेला जन्म त्या काय म्हणून काढणार होत्या? आणि नाही सोडलं तर हा इथं, डोळ्यांदेखत, आत्ता जाणार होता.

नवस त्या बोलल्या आणि गळा दिला त्याचा. दिला म्हणायला तो त्यांचा तरी होता का?

त्या वाकल्या आणि त्यांनी साखळीचा खटका दाबला.

खटका हलेना. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं आणि रोजच्या बादल्यांनी तो गंजून बसला होता. त्यांनी खोबरेल ओतलं, लाटण्यानं ठोकलं. प्रत्येक ठोक्याला करुप्पनच्या अंगावरून शहारा जायचा. "निधी," त्या न वळता म्हणाल्या, "सुरी आण गे. लवकर."

पट्टाच कापायला हवा होता. तो जखमेत चिकटला होता, खाली बोट घालायला जागा नव्हती. निधीनं त्याचं डोकं मांडीवर धरलं. अन्नपूर्णाबाईंनी दोन बोटं दाबून आत सारली आणि करुप्पन उसळला. इतके दिवस ज्या हातानं त्याला भरवलं, त्या हाताच्या मनगटात त्यानं दात रुतवले. निधी किंचाळली. अन्नपूर्णाबाईंनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हातानं सुरी चालवत राहिल्या.

आणि घरात फोन वाजू लागला.

"आजी, फोन! मी घेते—"

"हालू नकोस. डोकं धर."

फोन वाजून वाजून थांबला. चामडं जाड होतं, सुरी भाजीची होती. त्यांच्या ओठांतून काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. ते देवाला होतं की कुत्र्याला, निधीला कळलं नाही. फोन पुन्हा वाजू लागला. पट्टा तुटला.

करुप्पन लगेच उठला नाही. गळा मोकळा आहे हे त्याला उमगायला वेळ लागला. मग लटपटत उभा राहिला, स्कूटरांच्या मधून वाट काढली, उन्हात गेला आणि समोरच्या भिंतीच्या सावलीत बसकण मारली. निधी पाण्याची वाटी घेऊन त्याच्यामागे धावली.

अन्नपूर्णाबाईंनी रक्ताळलेल्या हातानं फोन उचलला.

"अम्मा, किती वेळ फोन लावतोय मी!" कार्तिकचा आवाज फाटला होता. "मुलगी झाली. एवढीशी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीये. धड रडली नाही अजून. डॉक्टर काही बोलत नाहीत, विचारलं की म्हणतात थांबा."

"सौम्या?"

"शुद्धीवर आली. एकच विचारतेय. माझ्याकडून वदवून घ्यायला बघतेय. करुप्पन दारात आहे ना?"

अन्नपूर्णाबाईंनी दाराकडे पाहिलं. गजाला साखळी लोंबत होती. हो म्हणायला एक श्वास पुरला असता. तिकडे लेक निजली असती.

"नाही," त्या म्हणाल्या. "सोडला मी त्याला."

"कधी?"

"आत्ता."

पलीकडून ढकलगाडीच्या चाकांचा आवाज आला, कुणीतरी कुणाचंतरी नाव पुकारलं.

"अम्मा, हे मी तिला कसं सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी येते. माझ्या तोंडानं सांगते."

त्यांनी मनगटाला फडकं गुंडाळलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर पडल्या. "आजी, हाताला सुई घ्यावी लागेल हां, तिथंच घ्या!" निधी सावलीतून ओरडली. त्यांनी मान हलवली. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. आत बसल्यावर त्या लेकीला सांगायचं पहिलं वाक्य जुळवू लागल्या. एक जुळवलं, मोडलं. दुसरं जुळवलं, तेही मोडलं. फडक्यातून रक्त झिरपून लुगड्यावर उतरत होतं. रुग्णालयाचं फाटक आलं, रिक्षावाल्यानं मागे वळून "अम्मा, उतरा" म्हटलं, तरी ते वाक्य त्यांना सापडलं नव्हतं.